पडण्याची शिकवणी

वीजखात्यातून निवृत्त झालेल्या त्या लाइनमनला सगळी गल्ली खांबकाका म्हणायची. उभा जन्म त्यांनी विजेच्या खांबांवर काढला होता. वादळात तुटलेल्या तारा जोडल्या होत्या. खालच्या माणसांचे चेहरे ओळखू येणार नाहीत अशा उंचीवर कमरेच्या पट्ट्यावर रेलून, दातांत पक्कड धरून ते काम करत, आणि वरून खालच्यांची टिंगलही करत. तेच खांबकाका आता बाथरूमच्या दाराशी येऊन थबकत, ओल्या फरशीकडे बघत आणि चौकट घट्ट धरून ठेवत. कुणाला हसू आलं तर खुशाल हसावं. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात. पाळी सगळ्यांचीच येते.

तसं पाहिलं तर झालं होतं ते काहीच नव्हतं. सकाळची आंघोळ, फरशीवर साबणाचा फेस आणि पुढे निसटलेला पाय. दुसरा कुणी असता तर बुडावर आपटला असता, दोन शिव्या घातल्या असत्या आणि उठला असता. पण खांबकाका उमेदवारी करत होते तेव्हा त्यांच्या मुकादमाने एकच मंत्र त्यांच्या कानात ओतला होता, "पाय घसरला तर घसरू दे. हात सुटला तर घरी निरोप धाडावा लागेल." तो मंत्र हाडीमाशी खिळला होता. पाय निसटताच हात आपसूक वर गेला आणि टॉवेलच्या दांडीला चिकटला. दांडी स्क्रूंसकट, प्लास्टरच्या ढेकळांसकट भिंतीतून उपटून आली. पण त्याआधी सगळ्या अंगाचा भार त्या एका हातावर आला होता आणि खांदा निखळला होता.

"काका, काही धरलं नसतंत ना, तर एवढं झालं नसतं," खांदा बसवताना डॉक्टर म्हणाले.

"धरलं नसतं तर पडलो असतो की!"

"मग आता काय झालंय?"

काकांनी रागाने तोंड फिरवलं. पडले तरी नाक वर.

खांदा बसला. भीती मात्र काही केल्या जाईना. तिला कारणही होतं. काकांचा मोठा भाऊ, दारातून वाकून आत येणारा दांडगा माणूस, असाच एकदा घरासमोर पडला. खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळला आणि पुन्हा उठला नाही. काका त्याला भेटायला जात. शेवटी शेवटी भाऊ बोलायचा नाही, नुसता बघायचा. पांघरुणाखालून औषधाचा आणि लघवीचा वास यायचा, आणि काका काहीतरी काम काढून लवकर उठत. आता ती खोली त्यांना स्वतःच्याच घरात दिसायला लागली. खाटेवर भावाच्या जागी ते स्वतः असत.

मग एकेक गोष्ट सुटत गेली. आधी गच्ची सुटली, कारण जिन्याला कठडा एकाच बाजूला होता. मग बाजार सुटला, कारण रस्त्यात कुत्री आडवी येतात. संध्याकाळचा पत्त्यांचा डाव सुटला, कारण तिथून परतताना अंधारतं. बाथरूमला वारंवार जावं लागू नये म्हणून काका पाणी कमी प्यायला लागले, आणि त्यामुळे त्यांना गरगरायला लागलं. गरगरलं की भीती आणखी वाढे. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हाच. एके काळी खांबाला विळखा घालणारे त्यांचे पाय खुर्चीत बसून बसून काटक्यांसारखे झाले.

घरात ते भिंत धरून चालत. भिंत संपली की टेबल, टेबल संपलं की कपाट. आणि काहीच नसलं की काकू.

काकू म्हणजे त्यांची बायको. बाई कामाला वाघ, पण अंगाने मूठभर. तिची हाडं ठिसूळ झाली होती. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, की पडायचं नाही. साधं मोडलेलं हाडसुद्धा आता जुळायला त्रास देईल. ती मान हलवून हो म्हणाली होती आणि घरी येऊन तिने नवऱ्याला आंघोळीला नेलं होतं. काका तिचा दंड धरत आणि दोघं पावलापावलाने बाथरूमपर्यंत जात. चालताना पडायचं नाही, यापलीकडे खांबकाकांना काही दिसत नव्हतं. भ्यालेल्या माणसाला दुसऱ्याचं काही दिसत नाही, हा त्या भीतीतला सगळ्यात वाईट भाग.

उन्हाळा असूनही काकू लांब बाह्यांचं पोलकं घालायला लागली होती. हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. एके दिवशी ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. ओलं होऊ नये म्हणून तिने बाही वर सारली होती. काका कपाट धरून दाराशी आले आणि त्यांना तिचा दंड दिसला. निळेकाळे डाग. काही जुने होऊन पिवळट पडलेले, काही कालपरवाचे.

"हे काय गं?"

तिने झटकन बाही खाली ओढली. "बादलीचा काठ लागला."

"इतक्या वेळा?"

"लागतो हो. तुम्ही बसा बघू आधी."

काका बसले नाहीत. त्यांनी तिची बाही वर केली आणि आपला पंजा त्या डागांवर ठेवला. बोटं बोटांवर बसली, अंगठा अंगठ्यावर बसला. ते कधीतरी पडणार, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलंच होतं. आता त्यांना कळलं, की ते एकटे पडणार नाहीत. त्या हाताची पकड त्यांना ठाऊक होती. वादळातही ती सुटली नव्हती. ती बायकोलाही सोडणार नव्हती, तिला घेऊनच फरशीवर जाणार होती. आणि मग खाटेवर कोण असेल, हे त्यांना दिसलं. त्या रात्री त्यांचं जेवणात लक्ष लागलं नाही.

शेजारी एक शिंपी राहायचा. दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळा झालेला, काकांचा जुना मित्र. रोज सकाळी तो ढगळ पॅन्ट घालून, खांद्यावर नॅपकिन टाकून कुठेतरी जायचा. दुसऱ्या दिवशी काकांनी त्याला खिडकीतून हटकलं.

"कुठे निघालास रे रोज, नवरदेवासारखा?"

"पडायला."

"काय?"

"पडायला जातो. शिकवणी आहे. त्या खेळांच्या हॉलमध्ये. आम्ही म्हातारेकोतारे पडतो, उठतो, चहा पितो, चकाट्या पिटतो, घरी येतो."

"डोकंबिकं फिरलंय का तुमचं? जे टाळायचं तेच करता?"

"तुझं टळलंय का?" शिंप्याने विचारलं. "तू तर खुर्चीत बसूनसुद्धा दिवसभर पडतोच आहेस. चल माझ्याबरोबर. मऊ गादीवर पड एकदा, बघ कसं वाटतं."

एरवी काकांनी खिडकी लावून घेतली असती. पण त्यांच्या डोळ्यांपुढून तो दंड जात नव्हता. ते गेले. रस्ताभर शिंप्याचा खांदा धरून, जीव मुठीत घेऊन गेले.

हॉलमध्ये जाड गाद्या अंथरल्या होत्या, रबराचा आणि घामाचा वास भरला होता. शिकवणारी बाई पन्नाशीची, बुटकी आणि भक्कम. तरुणपणी ज्युदो खेळलेली. सगळे तिला कोचबाई म्हणत. गाद्यांवर साठी-सत्तरीची माणसं लोळत होती आणि शाळेतल्या पोरांसारखी खिदळत होती. स्वतःच्या टोळीला त्यांनी नाव ठेवलं होतं, पडीक मंडळ. काकांनी भिंतीला लावलेला लाकडी बार धरला तो धरलाच.

"काका, आज बार धरायचा तास नाहीये," कोचबाई म्हणाली.

"मी इथूनच बघतो."

"बघून पडता आलं असतं तर मी टीव्हीवरच शिकवलं असतं की."

पहिले काही दिवस ती काकांना उभंच करेना. गादीवर झोपवायची आणि झोपल्या झोपल्या कुशीवर वळायला लावायची. मग बसून मागे कलंडायचं. मग गुडघ्यांवरून. "हनुवटी छातीला लावा. पाठ गोल करा. पंजा टेकवून अंगाचा भार अडवायचा नाही, मनगट मोडतं. आणि काही धरायचं नाही. श्वास सोडा आणि गोल व्हा." काका आधी कलंडले ते खोक्यासारखे. मग पोत्यासारखे. मग एके दिवशी ते खरोखरच गोल झाले, खांद्यावरून पाठीवर आणि पाठीवरून कुशीवर गेले, आणि छताकडे बघत आडवेच राहिले. काही मोडलं नव्हतं. सगळं मंडळ टाळ्या वाजवत होतं, शिंपी शीळ घालत होता. काकांना हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी ते पोट धरून हसले.

शिकवणी म्हणजे नुसतं पडणं नव्हतं. एका पायावर उभं राहून चेंडू झेलायचा, जमिनीवर टाकलेल्या दोरीवरून चालायचं, चुकला तो सगळ्यांना चहा करून देणार. काका आधी बरेच दिवस चहाच करत राहिले. पण हळूहळू पाय भरायला लागले. भूक लागायला लागली, झोप लागायला लागली, पाणी पोटभर प्यायला लागले तसं गरगरणं थांबलं. मुख्य म्हणजे घरी आल्यावर सांगायला काहीतरी असायचं. कोण कसा आपटला, कुणाची पॅन्ट कुठे उसवली. काकू ऐकायची आणि म्हणायची, "या वयात काय हे थेर!" पण दुसऱ्या दिवशी नॅपकिन तीच धुऊन ठेवायची. काकांना वाटलं, सुटलो.

मग कोचबाईने जोड्या लावल्या.

"माणूस एकटा असताना पडतो, तसा कुणाबरोबर असतानाही पडतो," ती म्हणाली. "नवराबायको, बहिणीबहिणी हात धरून चालतात. एकाचा तोल गेला की त्याने पहिलं काय करायचं? हात सोडायचा. एकाचं हाड वाचवताना दोघांची मोडायची नाहीत."

काकांनी शिंप्याचा हात धरला. दोघं गादीवरून चालले, कोचबाईने मागून काकांना हलकेच ढकललं. काका पडले, छान गोल पडले. आणि शिंपी त्यांच्या अंगावर धाडकन आला.

मंडळ हसलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. काका मनाशी घोकत, सोड, सोड, सोड, आणि तोल जाताच पंजा आणखी आवळला जाई. शिंप्याचा चष्मा गादीवरून घरंगळत गेला. त्याच्या मनगटावर लाल वळ उठले.

"तुमचं सगळं अंग शिकलंय काका," कोचबाई म्हणाली. तिचा स्वर नेहमीसारखा चेष्टेचा नव्हता. "पंजा शिकायचा राहिलाय."

"शिकेल ना?"

"शिकेल की. घाई करू नका." पण तिने पुढे एक विचारलं, "घरी कुणाचा हात धरून चालता?"

काकांनी पंजा पाठीमागे घेतला. गादीवर पडलेला शिंपी हसत होता आणि काकांना त्याच्या जागी मूठभर काकू दिसत होती. खाली गादी नव्हती, फरशी होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. ज्या पिळावर जन्मभर पोट भरलं तोच असा उलटेल, हे कुणाला ठाऊक?

त्या दिवसापासून काकांनी बायकोचा हात धरणं बंद केलं. बाथरूमला एकटे जाऊ लागले. ती जवळ आली की हात पाठीमागे बांधत. रोज शिकवणीला जात, रोज जोडीचा धडा करत, आणि रोज कुणाला ना कुणाला घेऊन पडत. क्वचित कधी हात सुटे, पण तो कसा सुटला हे त्यांना कळत नसे, आणि पुढच्या वेळी सुटत नसे. काकूला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती बिचारी निराळ्याच कोड्यात होती.

"माझं काही चुकलं का?" तिने एकदा विचारलं. "त्या डागांचा राग आला का तुम्हाला? मी मुद्दामच नव्हतं सांगितलं."

"राग कसला?"

"मग जवळ का येऊ देत नाही?"

मला तुझी भीती वाटते, असं काकांना म्हणता आलं नाही. तसं म्हटलं तरी ते खरं नव्हतंच. त्यांना स्वतःच्या हाताची भीती वाटत होती. "आता मला आधार लागत नाही," एवढंच ते म्हणाले, आणि ते तिला फार लागलं.

काकूला हाडांचं इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात जायचं होतं. काका म्हणाले, रिक्षाने जाऊ. ती म्हणाली, दोन पावलांवर तर आहे, आणि आता तुम्हाला आधारही लागत नाही ना! बोचलेलं अजून निघालं नव्हतं. दोघं चालत निघाले. काका तिच्यापासून हातभर दूर चालत होते.

दवाखान्याच्या अलीकडे रस्त्याला चांगलाच उतार होता. तिथला फुटपाथ केबलसाठी उकरून पुन्हा कसाबसा बुजवला होता, फरश्या वरखाली झाल्या होत्या. काकू थांबली.

"मला धरता का जरा? उतार आहे."

ती हे स्वतःसाठी म्हणत नव्हती, हे काकांना कळलं. नवऱ्याला मदत घ्यायला लावायची तिची ही नेहमीची युक्ती. त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर तिने आपला हात त्यांच्या हातात दिला होता. तो झिडकारणं त्यांना जमलं नाही. हात लहानसा, कोरडा, पाखरासारखा हलका होता. काकांनी तो अंड्यासारखा धरला आणि पाऊल टाकलं. एक फरशी. दुसरी फरशी. पाऊल बघून टाक. गुडघा वाकव. सोड म्हटलं की सोड.

सगळं ठीक चाललं होतं. चुकले ते लाइनमनच चुकेल असं चुकले. लाइनमन निवृत्त झाला तरी त्याची नजर निवृत्त होत नाही. रस्त्याने चालताना ती वर जाते. कोपऱ्यावरच्या खांबावर तार अडकवायची चिनीमातीची एक वाटी तडकली होती आणि तार खाली लोंबत होती. काकांनी मान वर केली. "कुणी बांधलंय हे असं?" असं ते म्हणाले, आणि त्यांच्या पायाखालची फरशी कलली.

आधी घोटा गेला. मग गुडघा. उताराने त्यांना पुढे ओढलं, आणि त्याच क्षणी त्यांना कळलं, की त्यांचा पंजा आवळला जातोय. काकूचं मनगट त्यांच्या मुठीत होतं, बांगडी बोटांखाली रुतत होती. ती त्यांच्याकडे झुकत होती. तिचा चेहरा त्यांना दिसला, तोंड उघडं, आवाज नाही. त्यांच्या आयुष्यात इतकी भीती कधी नव्हती. खांबावर वीज चमकली तेव्हा नव्हती, खांदा निखळला तेव्हा नव्हती. स्वतःचा हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्यांना दिसत होता आणि तो ऐकत नव्हता.

"सोड!" ते मोठ्याने ओरडले. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले.

हात सुटला.

मग बाकीचं अंगानेच केलं. हनुवटी छातीला गेली, पाठ गोल झाली, खांदा टेकला आणि उतारावरून ते एकदा कलंडून कुशीवर थांबले. कोपर सोलवटलं होतं, पॅन्ट फाटली होती. त्यांनी आधी यातलं काहीच पाहिलं नाही. मान वळवून वर बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. बघितलं आणि ती आडवी असली तर? फळवाला गाडी सोडून धावत आला, "उचला, उचला आजोबांना!" काकांनी डोळे मिटून घेतले होते.

"ती... ती कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"कोण, आजी? उभ्या आहेत की त्या."

काकांनी डोळे उघडले. काकू वर, कललेल्या फरशीच्या पलीकडे उभी होती. एक हात अजून पुढे केलेला. दोन्ही पायांवर, सरळ उभी. काकांना रडू आलं. भर रस्त्यात, लोकांच्या गराड्यात ते ढसढसा रडले, आणि त्याची त्यांना लाज वाटली नाही.

"फार लागलं का आजोबा?"

"नाही रे बाबा. मला कुणी उचलू नका." कुशीवरून ते हातागुडघ्यांवर आले, एक पाय पुढे घेतला आणि शिकवल्याप्रमाणे आपले आपण उठले.

काकू फरशी ओलांडून खाली आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. तिने आधी त्यांच्या छातीवर एक बुक्की मारली. ती जोराची नव्हती, पण खोटीही नव्हती. "हात सोडलात माझा!"

"सोडला," काका म्हणाले. रडता रडता ते आनंदाने हसत होते. "सुटला गं शेवटी."

तिला त्यातलं काही समजलं नाही. दवाखाना समोर दिसत होता, पण तिला पाऊल उचलवेना. काकांनी तिची बोटं आपल्या बोटांत घेतली. नुसती टेकवली, दाब असा दिलाच नाही.

"असं काय धरता?" ती म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "नीट धरा हो. या वेळी मला खरंच भीती वाटतेय."